संगणकाचे अपडेट अपयशी झाल्यास : निदान व उपाय

अनेक शिक्षकबंधू-भगिनींच्या घरी आज संगणक आहे. घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या नोंदी, यू-डायसची माहिती, अशी शाळेची कितीतरी कामे रात्री घरच्या संगणकावर पुरी करावी लागतात. हा संगणक सुरळीत चालत असतो तोवर त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. परंतु एखाद्या दिवशी पडद्यावर 'अपडेट पूर्ण होऊ शकले नाही' अशा अर्थाचा संदेश येतो, किंवा संगणक एकाच टक्क्यावर तासभर अडून राहतो, आणि मग घाईने काहीतरी करून बसण्याचा मोह होतो.

प्रस्तुत लेखकाने तो मोह आवरला नाही. काही वर्षांपूर्वी निकालाच्या दिवसांत घरचा संगणक अपडेट होताना ३० टक्क्यांवर थांबला. शाळेला जाण्याची घाई होती; म्हणून कळ दाबून तो बंद केला. पुन्हा सुरू करताच 'बदल मागे घेतले जात आहेत' असा संदेश आला. तेव्हाही धीर न धरता पुन्हा कळ दाबली. त्यानंतर संगणक सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्याने तो फॉरमॅट करून दिला. संगणक उत्तम चालू लागला. पण चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे गेली ती गेलीच. दोष दुरुस्ती करणाऱ्याचा नव्हता. आतील माहितीची नक्कल ठेवली नव्हती, आणि ती वाचवावयाची आहे हे त्याला सांगितलेही नव्हते. तो दोष साध्या उपायांनी बरा होण्याजोगा होता हे पुढे अभ्यासाने कळले. तसा प्रसंग इतरांवर येऊ नये, हा या लेखाचा उद्देश होय.

घरगुती संगणकांवर बहुधा विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम असते. म्हणून येथील विवेचन विंडोज १० व विंडोज ११ यांना धरून केले आहे.

१. अपडेट म्हणजे काय व ते का हवे?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची सर्व अंगे चालविणारी मूळ आज्ञावली. तीत राहिलेल्या उणिवा कालांतराने ध्यानात येतात. त्या दूर करण्यासाठी कंपनी जे दुरुस्त भाग पाठविते त्यांस अपडेट म्हणतात. ती दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार मासिक अपडेटांचा. ही दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी संगणक सुरू करताच ती येऊ लागतात. दुसरा प्रकार मोठ्या अपडेटांचा. त्यांत विंडोजची आवृत्तीच बदलते. ती आकाराने मोठी असतात व त्यांना वेळही अधिक लागतो.

'त्रासच होतो तर अपडेट बंदच का करू नये?' असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर २०१७ सालच्या घटनेत आहे. विंडोजमधील एक गंभीर उणीव बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केले होते. पुढे १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम त्याच उणिवेतून जगभर पसरला. त्याने संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या व त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या संगणकांवर ते अपडेट वेळीच बसले होते, त्यांत या वाटेने शिरणे त्या प्रोग्रामला शक्य झाले नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या आवृत्तीचे सामान्य पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. त्यानंतर सुरक्षेची अपडेटे मिळण्यासाठी कंपनीच्या विस्तारित योजनेत नाव नोंदवावे लागते. अशा संगणकावर अपडेट येत नसेल तर तो बिघाड असेलच असे नाही. मुदत संपल्याचाही तो परिणाम असू शकतो.

२. अपडेट कोणत्या टप्प्यावर अडले?

अपडेटाचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात फाइली इंटरनेटवरून उतरवून घेतल्या जातात. दुसऱ्यात त्या उलगडून जागच्या जागी बसविण्याची तयारी होते. तिसऱ्या टप्प्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, व चालू स्थितीत बदलता न येणाऱ्या फाइली तेव्हा बदलल्या जातात. पहिल्या टप्प्यावरील अडचण बहुधा इंटरनेटची असते. दुसऱ्यावरील जागेची किंवा बिघडलेल्या फाइलींची. तिसऱ्यावरील बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर, ध्वनी, चित्र इत्यादी अंगे चालविणाऱ्या आज्ञावलींची असते.

एखाद्या मुलाचा भागाकार चुकला तर आपण त्याला केवळ 'चूक' म्हणून सोडून देत नाही. त्याचा पाढा चुकला, वजाबाकी चुकली, की शून्य घ्यावयाचे राहिले, हे आपण पाहतो; कारण चुकीच्या प्रकारातच तिचे कारण दिसत असते. संगणकाच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. पडद्यावरील संकेतांक ही त्याची चूक दाखविणारी खूण आहे. सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' या पानावर 'अपडेट हिस्टरी' उघडली असता कोणते अपडेट कोणत्या दिवशी अपयशी झाले ते कळते व त्याचा संकेतांकही मिळतो. तो वहीत जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

हे संकेतांक शून्य व रोमन एक्स यांनी सुरू होतात. त्यापुढील अंक व अक्षरे पाहून पुढीलप्रमाणे बोध घ्यावा.

(अ) ८००७००७० : डिस्कवर पुरेशी जागा नाही.
(आ) ८००७२ईई२ : अपडेट पुरविणाऱ्या केंद्राशी वेळेत संपर्क झाला नाही.
(इ) ८००७३७१२ : अपडेटासाठी लागणारी विंडोजची एखादी फाइल बिघडली आहे किंवा हरवली आहे.
(ई) सी१९००१०१ : मोठे अपडेट बसविताना एखाद्या ड्रायव्हरमुळे अडथळा आला.
(उ) ८००एफ०९२२ : विंडोजने स्वतःसाठी राखलेल्या लहान विभागात जागा नाही, किंवा अपडेट केंद्राशी संपर्क होत नाही.

क्वचित दोष आपल्या संगणकाचा नसून पाठविलेल्या अपडेटाचाच असतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा-अपडेट अनेक संगणकांवर ८००७०६४३ हा संकेतांक दाखवून अपयशी होऊ लागले. दुरुस्तीसाठी राखलेल्या विभागात त्या अपडेटाला २५० एमबी मोकळी जागा हवी होती व ती पुष्कळ संगणकांत नव्हती. पण संदेशातून तसा काहीच बोध होत नव्हता. म्हणून संकेतांक मिळताच तेच अपडेट इतरांनाही अडवीत आहे काय, हे मायक्रोसॉफ्टच्या माहितीपानावर पाहावे. तसे असल्यास संगणकाशी झटापट न करता थांबणे हाच उपाय होय. मासिक अपडेटांत मागील दुरुस्त्याही सामावलेल्या असतात. त्यामुळे एका महिन्याचे अपडेट चुकले तरी पुढच्या महिन्याचे बसल्यावर बहुधा ती उणीव भरून निघते.

३. उपायांपूर्वीची तयारी

कोणताही उपाय करण्यापूर्वी आपल्या कामाच्या फाइलींची नक्कल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी. 'डॉक्युमेंट्स', 'डेस्कटॉप', 'पिक्चर्स' व 'डाउनलोड्स' या चारही ठिकाणी पाहावे. घेतलेली नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी. न उघडणारी नक्कल ही नक्कल नव्हे. ही सावधगिरी अनाठायी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटामुळे काही लोकांच्या फाइलीच पुसल्या गेल्या. कंपनीला चार दिवसांत ते अपडेट थांबवावे लागले व दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. ज्यांनी नक्कल ठेवली होती, त्यांचे काही गेले नाही.

काही संगणकांची डिस्क 'बिटलॉकर' या व्यवस्थेने कुलूपबंद केलेली असते. दुरुस्तीच्या वेळी तो संगणक ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असल्यास तेथून उतरवून कागदावर लिहून ठेवावी. किल्लीवाचून त्या डिस्कवरील माहिती हाती येत नाही.

तिसरी तयारी विजेची. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून जोडलेलाच ठेवावा. डेस्कटॉपला यूपीएस असला तरी तो थोडाच वेळ पुरतो. म्हणून भारनियमनाची वेळ टाळूनच काम आरंभावे.

४. उपाय : सौम्य उपायांपासून आरंभ

पुढील उपाय क्रमाने करावे. एका वेळी एकच उपाय करावा, त्यानंतर अपडेट पुन्हा करून पाहावे, व काय केले आणि काय झाले याची वहीत नोंद करावी. एकदम चार गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही, व नवा बिघाड झाल्यास तो कशामुळे झाला हेही कळत नाही.

(१) संगणक 'रिस्टार्ट' करावा. 'शट डाउन' व 'रिस्टार्ट' यांत भेद आहे. अनेक संगणकांवर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा काही भाग पुढील वेळेसाठी तसाच जपून ठेवला जातो. 'रिस्टार्ट' केल्यावर सर्व काही नव्याने सुरू होते. पूर्वीचे अर्धवट अपडेट पुष्कळदा एवढ्यानेच पूर्ण होते.

(२) दिनांक व वेळ पाहावी. जुन्या संगणकात नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. दिनांक चुकीचा असेल तर अपडेट केंद्राची ओळख संगणकाला पटत नाही व संपर्क तुटतो. दिनांक दुरुस्त करावा. तो पुनःपुन्हा चुकत असेल तर बॅटरी बदलून घ्यावी. हा उपाय अल्प खर्चाचा आहे.

(३) इंटरनेट पाहावे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करणाऱ्यांनी त्या जोडणीपुढे 'मीटर्ड कनेक्शन' ही खूण आहे काय ते पाहावे. ही खूण असेल तर डेटा वाचविण्यासाठी विंडोज बहुतेक अपडेटे आपण होऊन उतरवून घेत नाही. डेटा पुरेसा असल्यास अपडेटापुरती ती काढावी व काम होताच पुन्हा लावावी.

(४) जागा मोकळी करावी. मोठ्या अपडेटासाठी सी ड्राइव्हवर किमान २० जीबी जागा मोकळी असावी. सेटिंग्जमधील 'स्टोरेज' येथे 'टेम्पररी फाइल्स' काढून टाकण्याची सोय आहे. तेथे एक धोका आहे. त्या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. त्यापुढे खूण केली तर उतरवून ठेवलेली परिपत्रके व तक्तेही जातात. म्हणून यादी वाचूनच खुणा कराव्या.

(५) प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह अशी बाहेरून जोडलेली साधने काढून ठेवावी. वेगळे विकत घेतलेले अँटिव्हायरस असेल तर ते अपडेटापुरते थांबवावे व नंतर आठवणीने सुरू करावे.

(६) सेटिंग्जमधील 'ट्रबलशूट' या भागात विंडोज अपडेटासाठी तपासणीची सोय आहे; ती चालवावी. साधे दोष ती आपण होऊन दुरुस्त करते.

(७) विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त कराव्या. त्यासाठी 'कमांड प्रॉम्प्ट' हा प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' असे निवडून उघडावा व दोन आज्ञा क्रमाने द्याव्या. पहिली 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' व दुसरी 'एसएफसी /स्कॅननाऊ'. येथे त्यांचा उच्चार दिला आहे. संगणकावर त्या रोमन अक्षरांत, प्रत्येक तिरक्या रेघेपूर्वी एक जागा सोडून, टंकाव्या. पहिली आज्ञा दुरुस्तीला लागणारा साठा इंटरनेटवरून चांगला करून घेते. दुसरी त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलते. म्हणून हा क्रम उलटा करू नये. दोन्हींना बराच वेळ लागतो. मध्येच खिडकी बंद करू नये.

(८) एवढ्यानेही गुण न आल्यास, विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत 'रिकव्हरी' या पानावर विंडोज अपडेटामार्फत चालू आवृत्तीच पुन्हा बसविण्याची सोय आहे. यात आपल्या फाइली व प्रोग्राम राहतात. 'रिसेट' या नावाची जी दुसरी सोय आहे ती मात्र निराळी. तीत फाइली ठेवण्याचा पर्याय निवडला तरी आपण बसविलेले प्रोग्राम जातात. ही दोन नावे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

५. संगणक अडून राहिल्यास किंवा सुरूच न झाल्यास

टक्केवारी पुढे सरकत नसेल तर प्रथम संगणकावरील डिस्कचा लहान दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे असे समजावे. जुन्या फिरत्या डिस्कच्या संगणकाला मोठ्या अपडेटासाठी कित्येक तास लागू शकतात. 'बदल मागे घेतले जात आहेत' हा संदेश तर भीतीचा नव्हेच. संगणक आपली पूर्वीची घडी पुन्हा बसवीत असतो. त्या वेळी त्याला मुळीच हात लावू नये. दोन-तीन तासांत दिवाही हलला नाही, पडदाही बदलला नाही, तरच कळ सुमारे दहा सेकंद दाबून धरून संगणक बंद करावा.

विंडोज सुरूच होत नसेल तर संगणकातच एक दुरुस्तीची खोली आहे असे समजावे. सुरू होताना बोधचिन्ह दिसताच कळ दाबून धरून बंद करावे. असे दोनदा केले की बहुधा पुढच्या खेपेस दुरुस्तीचा पडदा येतो. तेथे 'ट्रबलशूट' व त्यातील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडावे. प्रथम 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावे. त्याने न भागल्यास 'अनइन्स्टॉल अपडेट्स' घ्यावे. तेथे 'क्वालिटी अपडेट' म्हणजे मासिक व 'फीचर अपडेट' म्हणजे मोठे, असे दोन पर्याय असतात. जे शेवटी बसले असेल ते काढावे. मोठे अपडेट साधारणपणे दहा दिवसांच्या आतच काढता येते, कारण त्यानंतर जुनी आवृत्ती पुसली जाते. संगणक सुरू झाल्यावर अपडेट एक-दोन आठवडे 'पॉज' करावे, म्हणजे तेच अपडेट लगेच पुन्हा बसणार नाही. मात्र ते कायमचे बंद ठेवू नये.

एवढे करूनही गुण न आला तर जाणकाराकडे जावे. संगणक देताना 'आतील माहिती हवी आहे. विचारल्यावाचून फॉरमॅट करू नये' असे स्पष्ट सांगावे व पावतीवर लिहून घ्यावे. संगणक सुरू होत नसला तरी डिस्क शाबूत असल्यास तीवरील माहिती बहुधा काढून घेता येते.

६. फसवणुकीपासून सावधगिरी

'तुमचे अपडेट अपयशी झाले आहे, या क्रमांकावर फोन करा' अशी खिडकी इंटरनेट पाहताना उघडली तर ती खोटी समजावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात दूरध्वनी क्रमांक नसतो. कंपनीचा माणूस म्हणून कोणी आपण होऊन फोन केल्यास त्याच्या सांगण्यावरून कोणताही प्रोग्राम बसवू नये व संगणकाचा ताबा देऊ नये. पैशाची फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे.

७. सारांश

अपडेट अपयशी होणे ही आपत्ती नव्हे. ती संगणकाने दिलेली सूचना आहे. प्रथम नक्कल, मग संकेतांकाची नोंद, मग सौम्य उपायापासून कठोर उपायाकडे, आणि प्रत्येक पायरीवर धीर, हा क्रम सोडू नये. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारापूर्वीच्या रविवारी कामाच्या फाइलींची नक्कल घेण्याचा परिपाठ ठेवला तर या लेखातील अर्धी काळजी उरणारच नाही. संगणक नवा घेता येतो. एखाद्या मुलाच्या चार वर्षांच्या प्रगतीची नोंद मात्र पुन्हा विकत मिळत नाही.

८. स्वाध्याय

(१) आपल्या संगणकातील 'अपडेट हिस्टरी' पाहून मागील तीन अपडेटांचे दिनांक व परिणाम वहीत नोंदवा.
(२) सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे? ती मोठ्या अपडेटास पुरेल काय?
(३) 'रिस्टार्ट' व 'शट डाउन' यांतील भेद सहकाऱ्यास समजावून सांगा.
(४) आपल्या फाइलींची नक्कल घ्या व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.
(५) एका वेळी एकच उपाय करावा, असे का सांगितले आहे? वर्गातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.